लंडनहून एका दिवसात बाथ: गरम पाणी, गोल चौक आणि हर्षलचं अंगण

बाथला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्याहून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "मग, आंघोळ केलीस का तिथे?" नाही केली. ज्या दोन हजार वर्षं जुन्या कुंडासाठी सगळं जग तिथे जातं, त्यात बोट बुडवायचीही परवानगी नाही. आंघोळीची सोय वेगळी आहे, जवळच आहे, महाग आहे आणि तिच्यासाठी दिवसाची आखणी बदलावी लागते. त्याबद्दल शेवटी.

बाथ हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एव्हन नदीच्या वळणात वसलेलं, मधाच्या रंगाच्या दगडाचं गाव. पूर्ण गावच १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि २०२१ मध्ये युरोपातल्या अकरा ऐतिहासिक स्पा-गावांच्या यादीतही त्याचं नाव आलं. गाव लहान आहे, पायी फिरता येतं. पण सपाट नाही. स्टेशन, कुंडं आणि नदी खाली. दिमाखदार वस्ती वर. बहुतेकांचा दिवस इथेच फिसकटतो: दुपारी पोचायचं, ऐन गर्दीत कुंडांच्या रांगेत उभं राहायचं, आणि पाय दमल्यावर चढ चढायचा. भारतातून आलेल्या आई-बाबांना मी दोनदा असंच नेलं. तिसऱ्यांदा शहाणपण आलं. खालचा क्रम त्या तिसऱ्या वेळचा आहे.

दिवस आणि तिकीट

जमलं तर मंगळवार ते गुरुवार निवडा. शनिवारी रोमन बाथ्सचं, म्हणजे त्या जुन्या कुंडांचं, तिकीट महाग असतं, गर्दी दुप्पट वाटते, आणि रग्बीचा सामना असला तर नदीकाठचा रस्ता जत्रेसारखा होतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत नाताळचा बाजार भरतो. तो बघायलाच जायचं असेल तर जा. गाव बघायचं असेल तर ते आठवडे टाळा.

रेल्वे लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून सुटते आणि सुमारे दीड तासात बाथला पोचवते. तिकीट काढताना स्टेशनचं नाव "बाथ स्पा" असं शोधा. कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळेचं साधं तिकीट डोळे पांढरे करतं. म्हणून जातानाचं ॲडव्हान्स तिकीट काही आठवडे आधी, ठरावीक गाडीचं काढायचं आणि येतानाचं ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला चालणारं), म्हणजे संध्याकाळी गाडी चुकली तरी जीव टांगणीला लागत नाही. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ऑफ-पीक तिकिटांवर ग्रुपसेव्हची एक तृतीयांश सवलत मिळते. साठीच्या पुढच्यांसाठी सीनियर रेलकार्ड हे सवलतीचं कार्ड आहे. आई-बाबा दोन-तीन महिने राहणार असतील तर आल्याआल्या काढा, दोन सहलींत पैसे वसूल.

लंडनच्या व्हिक्टोरियाहून सुटणारा कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, स्वस्त पडतो. पण जाऊन-येऊन सहा तास बसमध्येच जातात आणि एम फोर रस्ता तुंबला तर त्याहून जास्त. एका दिवसासाठी मी नाही सुचवणार. गाडीने गेलात तर गावात शिरू नका. लॅन्सडाउन, न्यूब्रिज किंवा ऑड डाउन इथल्या पार्क अँड राइडमध्ये गाडी ठेवून बसने उतरा.

साडेसातच्या आसपासची गाडी पकडा. जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसा. शेवटच्या पंधरा मिनिटांत बॉक्सचा बोगदा लागतो. हा जवळजवळ तीन किलोमीटर लांब, ब्रुनेल या अभियंत्याने खोदवलेला, १८४१ मध्ये सुरू झालेला. त्याच्या वाढदिवशी, ९ एप्रिलला, उगवत्या सूर्याची किरणं बोगद्याच्या आरपार जातात अशी आख्यायिका आहे. बोगद्यानंतर थोड्याच वेळात उजवीकडे टेकडीवर रांगेने चढत गेलेली घरं दिसू लागली की डबे आवरायला घ्या.

नऊ वाजता: रोमन बाथ्स

स्टेशनपासून सरळ सात-आठ मिनिटं. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं हवं, आणि तेही पहिल्या वेळेचं. सकाळी दोन फायदे: गर्दी नसते, आणि हवा गार असल्याने पाण्यावर वाफ तरंगत असते. दुपारी तेच पाणी नुसतं हिरवं डबकं वाटतं. (जुलै-ऑगस्टमध्ये रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, मशालींच्या उजेडात. तेव्हा सगळा क्रम उलटा केला तरी चालेल.)

बघायचं काय, हे आधी माहीत असेल तर दीड तास पुरतो. मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस जमिनीत तीन-चार किलोमीटर खोल मुरतो, तापतो आणि खडकातल्या भेगेतून इथे वर येतो. ४६ अंश सेल्सिअस, रोज सुमारे अकरा लाख सत्तर हजार लिटर. स्थानिक लोक या झऱ्यात सुलिस नावाची देवी मानत. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडलं, पहिल्या शतकात देऊळ बांधलं आणि गावाला नाव दिलं आक्वे सुलिस, सुलिसचं पाणी. वज्रेश्वरीला किंवा दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गरम पाणी निघालं की तिथे देव येणारच.

मोठं कुंड १.६ मीटर खोल आहे आणि तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे ४५ पत्रे अजून आहेत. पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळे: रोमन काळात वर छत होतं, आता ऊन थेट पडतं. वरच्या गच्चीवरचे रोमन सम्राट-सुभेदारांचे पुतळे मात्र व्हिक्टोरियन काळातले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले आहेत. पर्यटक सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच काढतात. खुद्द कुंड १८७० च्या दशकाच्या शेवटी, पाण्याची गळती शोधताना पुन्हा सापडलं.

आणि हो, पाण्यात हात घालू नका. वर उघडं, प्रक्रिया न केलेलं पाणी आहे. १९७८ मध्ये इथल्या झऱ्याच्या पाण्याच्या तलावात पोहलेल्या एका मुलीचा पाण्यातल्या अमीबाच्या संसर्गाने मृत्यू झाला, तेव्हापासून यांनी हा विषय गांभीर्याने घेतला आहे. माझ्या आईला हे पटायला वेळ लागला. "कुंडापाशी येऊन डोळ्यांना पाणीसुद्धा लावायचं नाही?" असं ती अख्खा वेळ पुटपुटत होती.

कुंडापाशी कमी आणि आतल्या संग्रहापाशी जास्त थांबा, हा माझा आग्रह. देवीचं सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं मस्तक सुंदर आहेच, पण खरी मजा शापांच्या पत्र्यांत आहे. कपडे, भांडी, पैसे चोरीला गेले की लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर चोराला शाप लिहीत, गुंडाळी करत आणि झऱ्यात टाकत. असे सुमारे १३० पत्रे मिळाले आहेत. डॉकिमेडिस नावाच्या एका माणसाचे दोन हातमोजे हरवले. चोराची बुद्धी आणि डोळे दोन्ही जावेत अशी त्याने देवीकडे मागणी केली. देवळापुढे चपला हरवल्यावर आपण मनात जे म्हणतो, ते यांनी लिहून ठेवलं एवढंच.

ऑडिओ गाइड तिकिटातच येतो. मराठी नाही, त्यामुळे मोठ्यांसाठी तुम्हीच थोडं वाचून जा. लिफ्ट आहेत, पण कुंडाकाठची फरशी ओबडधोबड. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावी. बाहेर पडण्याआधी झऱ्याचं शुद्ध केलेलं पाणी चाखता येतं. त्यात ४३ खनिजं आहेत म्हणे. चव कोमट, लोखंडी नळाची. एक घोट पुरे.

ॲबे: बाहेरून जास्त

रोमन बाथ्सच्या दारातच बाथ ॲबे हे गावातलं मोठं चर्च. आताची इमारत १४९९ मध्ये सुरू झाली, पण इंग्लंडचा राजा एडगर याचा राज्याभिषेक त्याआधीच्या चर्चमध्ये ९७३ मध्ये झाला होता. आत जायच्या आधी दर्शनी भिंत नीट बघा: दोन्ही बाजूंना दगडी शिड्या आहेत आणि त्यांवरून देवदूत चढताहेत. काही मात्र डोकं खाली करून उतरताहेत. मुलांना ते शोधायला लावा, दहा मिनिटं शांतता मिळते.

आत छताची पंख्यासारखी नक्षी आणि भिंतींवर सहाशेहून अधिक स्मृतिशिला. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीत कमाई करून इथे निवांत व्हायला आलेली मंडळी बरीच. पाणी पिऊन बरं व्हायला आले आणि भिंतीवर लागले, असा इथला जुना विनोद आहे. फरशी पायाला उबदार लागली तर भास समजू नका; चर्च आता झऱ्याच्याच पाण्याच्या उष्णतेवर गरम करतात.

इथे एक फाटा फुटतो. महापौरांचे मानद मार्गदर्शक १९३४ पासून रोज दोन तासांची पायी सहल फुकट घडवतात. सकाळची सहल साधारण साडेदहाला ॲबेच्या चौकातून, पंप रूमच्या बाहेरून निघते. त्या दिवसाची वेळ बघून घ्या. बक्षिसीही घेत नाहीत. तरुण मंडळी असाल तर डोळे झाकून जा, पुढचा चढाचा भाग त्यातच होईल. सोबत आई-बाबा असतील तर नको. दोन तास थांबत-चालत जाणं हे सरळ चालण्यापेक्षा गुडघ्यांना जड जातं.

पोटोबा, लवकर

साडेबाराला गाव जेवायला बसतं, म्हणून साडेअकराला खाऊन घ्या. पंप रूम ही अठराव्या शतकातली दालनं, झुंबरं आणि वाद्यवृंदासह. चहाबरोबर थाट हवा असेल तर तिथे. दर्शनी भागावर ग्रीकमध्ये "पाणी सर्वश्रेष्ठ" असं कोरलंय. चहा महाग आहे.

सॅली लनचं घर गावातल्या सगळ्यात जुन्या घरांपैकी. तिथला बन बशीएवढा, हलका, ब्रिऑश या फ्रेंच गोडसर पावासारखा. अर्धा बन वाढतात: वरचा भाग गोड पदार्थांसोबत, खालचा तिखट-मिठाच्या. अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. शाकाहारींची पंचाईत होत नाही. भाजलेला बटाटा, चीज-कांद्याची पेस्टी आणि गिल्डहॉल मार्केटमधले छोटे ठेले हाताशी आहेत.

घरचा डबा नेणार असाल (आम्ही नेतोच) तर नदीकाठची परेड गार्डन्स छान, पण हंगामात तिकीट असतं आणि सीगल पक्षी फार धीट आहेत. माझ्या हातातली तिखटमिठाची पुरी एकाने पाठीमागून येऊन अशी उचलली की मला आधी वाटलं बाबांनीच घेतली. झाडाखाली बसा, डबा झाकून ठेवा.

चढ: क्वीन स्क्वेअर, सर्कस, क्रेसेंट

आता वर. क्वीन स्क्वेअरमधून गे स्ट्रीट चढत गेलं की पंधरा मिनिटांत सर्कस. नावावर जाऊ नका. सर्कस म्हणजे वर्तुळ. हा सगळा खेळ दोन जॉन वुडांचा, बाप-लेकाचा. बापाने १७५४ मध्ये सर्कसचं काम सुरू केलं आणि त्याच वर्षी तो गेला. मुलाने १७६८ पर्यंत पुरं केलं. तीन कमानदार तुकडे, तीन मजल्यांवर तीन प्रकारचे खांब: डोरिक, आयोनिक, कोरिंथियन. खालच्या पट्टीवर साप, दीपगृह, वाद्यं, शिडं अशी पाचशेहून जास्त वेगवेगळी चिन्हं कोरली आहेत. छताच्या कडेला दगडी ओकफळं दिसतील. दंतकथा अशी, की ब्लॅडड नावाच्या राजपुत्राला कुष्ठरोग झाला, राजवाड्यातून हाकललं, तो डुकरं राखू लागला. डुकरं गरम चिखलात लोळून बरी झाली, मग तोही झाला. ओकफळं त्या डुकरांची आठवण.

सर्कसच्या मधोमध झाडांखाली उभं राहून एक टाळी वाजवा आणि प्रतिध्वनी ऐका. मग १४ क्रमांकाच्या घराकडे बघा. तिथे रॉबर्ट क्लाइव्ह राहत असे. प्लासी सगळ्यांना आठवते. पण प्लासीच्या आदल्याच वर्षी, १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसनबरोबर विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांविरुद्ध उतरलेला हाच क्लाइव्ह. हिंदुस्थानात कमावलेला पैसा कसा दिसतो, असं कुणी विचारलं तर मी त्याला इथे आणून उभं करेन.

ब्रॉक स्ट्रीटने दोन मिनिटं, आणि एकदम समोर उघडतो रॉयल क्रेसेंट. मी इथे सगळ्यांना गप्प झालेलं पाहिलंय. तीस घरं, ११४ खांब, एकच अर्धचंद्र. १७६७ मध्ये सुरू होऊन सात-आठ वर्षांत पुरा झालेला. गंमत मागे आहे. धाकट्या वुडने फक्त पुढची भिंत एकसारखी बांधण्याची अट घातली. त्यामागे ज्याने त्याने आपापल्या ऐपतीचं घर बांधलं. मागच्या गल्लीत एक चक्कर मारा: कुठे फुगलेली भिंत, कुठे आखूड छप्पर, काही म्हणता काही जुळत नाही. दर्शनी शिस्त मात्र कडक. १९७० च्या दशकात २२ क्रमांकाच्या मालकिणीने दरवाजा पिवळा रंगवला म्हणून नगरपालिकेशी वाद पेटला. दरवाजा पिवळाच राहिला.

हिरवळीवर बसा, पण खालच्या कडेला "हा-हा" आहे हे ध्यानात ठेवा: गुरं वर येऊ नयेत आणि कुंपणही दिसू नये म्हणून केलेली खोलगट भिंत. पळणारी पोरं तिथून खाली दिसेनाशी होतात. एक क्रमांकाचं घर संग्रहालय आहे, जुन्या काळाप्रमाणे सजवलेलं. आवड असेल तर जा. नसेल तर तो तास वाचवा, पुढे उपयोगी आहे.

उतरताना गे स्ट्रीटने येऊ नका. क्रेसेंटच्या खालून ग्रॅव्हल वॉक नावाची झाडीतली वाट आहे, सौम्य उताराची. तिच्या कडेला एक छोटी जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकाच्या धाटणीची, बागही फुकट बघता येते. जेन ऑस्टेन १८०१ ते १८०६ या गावात राहिली. तिच्या दोन कादंबऱ्यांचा बराच भाग बाथमध्ये घडतो, म्हणून तिच्या नावाने चहापासून टोप्यांपर्यंत सगळं विकायला आहे. तिला स्वतःला गाव फारसं आवडत नव्हतं, ते सोडा.

हर्षलचं घर

क्वीन स्क्वेअरपासून न्यू किंग स्ट्रीट जवळच. १९ क्रमांकाचं घर इतकं साधं आहे की लोक पुढे निघून जातात. मराठी माणसाने जाऊ नये. आपल्या पत्रिकेत राहू-केतूच्या पंगतीला जो "हर्षल" लिहितात, तो इथला. विल्यम हर्शेल हा हॅनोव्हरहून आलेला संगीतकार. १७६६ मध्ये ऑर्गन वाजवायच्या नोकरीसाठी बाथला आला. दिवसा शिकवण्या, रात्री तारे. १३ मार्च १७८१ च्या रात्री याच घरामागच्या अंगणातून, स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून त्याला युरेनस दिसला. दुर्बिणीने सापडलेला तो पहिला ग्रह. त्याने राजाच्या नावावरून त्याला "जॉर्जचा तारा" म्हणायचं ठरवलं, ते टिकलं नाही. आपल्याकडच्या ज्योतिषांनी मात्र शोधणाऱ्याचं नाव पक्कं धरून ठेवलं.

तळघरातली खोली चुकवू नका. दुर्बिणीचे आरसे तो धातूचे ओतत असे, साचे घोड्याच्या लिदीचे. एकदा ओतताना तापलेला धातू सांडला आणि फरशीचे दगड तडकले. ते तडे आजही आहेत. आरसा घासताना हात थांबवता येत नसे, तेव्हा बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत असे; पुढे तिने स्वतः अनेक धूमकेतू शोधले. घर तासाभरात होतं. बाबांनी अंगणात उभं राहून वर बघितलं. ढगच होते. "शनीची साडेसाती समजते, पण याने काय बिघडवलं आपलं?" असं विचारून ते बाकावर बसले. उघडण्याचे दिवस आणि वेळा मर्यादित असतात, निघण्याआधी बघून घ्या.

नदी, आणि आंघोळ

चारच्या सुमारास पल्टनी पूल. रॉबर्ट ॲडमने आखलेला, १७७४ मध्ये पूर्ण झालेला. दोन्ही बाजूंना दुकानं असल्याने वरून चालताना पूल वाटतच नाही. तो बघायचा खालून, नदीकाठाने, पाण्याच्या पायऱ्यांच्या बांधासमोरून.

आता आंघोळ. थर्मी बाथ स्पा २००६ मध्ये उघडलं. झऱ्याचंच पाणी, शुद्ध करून ३३-३५ अंशांपर्यंत निववलेलं. गच्चीवरचा तलाव हेच त्याचं आकर्षण, आणि तो अंधार पडताना घ्यावा: वर थंडी, अंगाभोवती वाफ, समोर ॲबेचा मनोरा. दोन तासांना माणशी चाळीस पौंडांच्या वर जातात. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. टॉवेल, गाउन, चपला मिळतात, पोहण्याचे कपडे आपले. आधी वेळ घेऊन ठेवा. हे करायचं असेल तर हर्षलचं घर किंवा क्रेसेंटचं संग्रहालय यांपैकी एक सोडावं लागेल, आणि लहान मुलं सोबत असतील तर हा विचारच सोडा. वज्रेश्वरीच्या कडकडीत पाण्याची सवय असलेल्यांना हे कोमटच वाटेल.

पुलापासून स्टेशन दहा-बारा मिनिटं, सपाट रस्ता. फलाट दोनच. लंडनची गाडी दोन नंबरला लागते, ब्रिस्टलची एकला. घाईत समोर दिसेल त्या गाडीत चढू नका. आम्ही चढलो होतो, आणि पंधरा मिनिटांनी ब्रिस्टलला उतरून, पुढच्या गाडीने परत, अंधारात, बाथवरूनच लंडनला गेलो.